बाबांची दिवसाची झोप

माझ्या मुलाच्या बालवाडीत मध्यंतरी पालकसभा झाली. गंगापूर रोडवरची बालवाडी, त्यामुळे सभेला चहाऐवजी ग्रीन टी होता. बोलायला आलेल्या बाईंनी पडद्यावर एक आलेख दाखवला. आडव्या रेषेवर घराचं उत्पन्न, उभ्या रेषेवर मुलांची बुद्धी, आणि डावीकडून उजवीकडे चढत गेलेली एक रेघ. आकडे वगैरे काही नव्हते, नुसती रेघ. तेवढ्यावरच खुर्च्यांमधले आईबाप खूश झाले. आपण त्या रेघेच्या कुठल्या टोकाला बसलोय ते सगळ्यांना माहीत होतं. मागच्या रांगेतून एक गृहस्थ म्हणाले, "शेवटी रक्तातच असावं लागतं हो." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवऱ्यानं माझं मनगट धरून ठेवलं, कारण मी आता उठणार आणि चार लोकांत शोभा करणार हे त्याला कळलं होतं.

मी उठले नाही. उठून सांगणार काय होते? त्या रेघेच्या दोन्ही टोकांना मला माझंच घर दिसत होतं. उजवीकडे मी आणि डावीकडे माझी धाकटी बहीण. आई तीच, बाप तोच, रक्तही तेच.

आमच्यात बारा वर्षांचं अंतर आहे. मी लहान होते तेव्हा बाबा सातपूरच्या एका कारखान्यात कायम नोकरीला होते. तयार झालेले सुटे भाग मोजून पास-नापास करायचं त्यांचं काम. पहिली पाळी असली की दुपारी घरी. आमचं सिडकोत दोन खोल्यांचं घर होतं, एक स्कूटर होती, आणि त्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी नाशिक पाहिलं. बाबांना प्रश्न विचारायची खोड होती. ट्रकला मागे जोडीनं चाकं का? अंजनेरीचा डोंगर वर सपाट का? द्राक्षाच्या घडाला पेपर का गुंडाळतात, घडाला काय थंडी वाजते? सगळ्यांची उत्तरं त्यांनाही येत नसत. मग ते खुशाल थाप मारायचे आणि मी ती थाप पकडून भांडायचे. रविवारी मिसळ खाताना आमचा वाद रंगला की शेजारच्या टेबलावरचे लोक हातात पाव धरून ऐकत बसायचे. मी इतकी बडबडी होते की शेजारच्या काकू दुपारी खिडकी लावून घ्यायच्या.

मी हुशार निघाले. वर्गात पहिली-दुसरी, वक्तृत्वात ढाली, पुढे इंजिनिअर. आत्या पंचवटीहून आली की माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणायची, "आमच्या घरावर गेली." आई स्वयंपाकघरात भाकरी जरा जोरात थापायची.

मी सातवीत असताना कारखान्याला कुलूप लागलं. त्याच वर्षी बहीण झाली. सिडकोतलं घर गेलं, स्कूटर गेली, आम्ही सातपूरमध्ये कारखान्यांच्या मागच्या बाजूला एका पत्र्याच्या खोलीत आलो. बाबांनी बरीच वणवण केली आणि शेवटी गंगापूर रोडच्या एका सोसायटीत रात्रपाळीचे वॉचमन झाले. आई एका खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागली, सकाळी निघायची ती दुपार कलल्यावर यायची. मी शाळेत, मग कॉलेजात, मग अभ्यासिकेत. खोलीत दिवसभर उरायची दोनच माणसं. रात्रभर जागून आलेले बाबा झोपलेले, आणि त्यांच्या शेजारी धाकटी जागी.

आमच्या घराला एकच नियम होता. दिवसा आवाज करायचा नाही. बाबांची झोप मोडली तर रात्री डुलकी लागणार, डुलकी लागली तर नोकरी जाणार, हे आईनं तिला ती रांगत होती तेव्हापासून बजावलं होतं. धाकटीचं पहिलं वाक्य 'बाबा झोपले' हे होतं, आणि तेही ती कुजबुजत बोलली. तिची खेळणी म्हणजे दोरीवरचे कपड्यांचे चिमटे. ते ती गोधडीवर मांडायची, फरशीवर नाही, कारण फरशीवर टक्कन वाजतं. पाणी प्यायली की स्टीलचा पेला घडी केलेल्या फडक्यावर ठेवायची. शिंक आली तर तोंड उशीत खुपसायची. उन्हाळ्यात पत्रा तापून कडकड वाजायला लागला की ती वर बघून पत्र्यालाच ओठांवर बोट ठेवून दाखवायची. हे मी स्वतः पाहिलंय आणि तेव्हा मला हसू आलं होतं.

शेजारणी तोंड भरून कौतुक करायच्या. "पोरगी हाय का चित्र! लय गुणाची हो." आईच्या चेहऱ्यावर तेवढ्यापुरता जुना उजेड यायचा. त्या वर्षांत लोकांनी कौतुक करावं असं आमच्याकडे दुसरं होतं तरी काय? भाड्याची खोली, उसवलेला गणवेश, आणि एक शांत मुलगी. मुलगी शांत असली की कुणाला चुकूनही शंका येत नाही. मुलगा इतका गप्प असता तर आत्यानंच त्याला डॉक्टरकडे नेलं असतं.

शाळेतही तिसरीपर्यंत सगळं छान चाललं. त्रास न देणारं मूल कुठल्या बाईंना नको असतं? चौथीत नवीन बाई आल्या आणि त्यांनी आईला बोलावून घेतलं. मुलीला काही विचारलं की नुसती बघत राहते, म्हणाल्या. गोष्ट सांगता येत नाही, साध्या शब्दांचे अर्थ येत नाहीत, गणित सुरू करते तोवर वर्ग पुढे गेलेला असतो. बुद्धीची तपासणी करून आणा. कमी निघाली तर पुढच्या वर्षी तिला वेगळ्या शाळेत घाला, इथे तिचे हाल होतील.

बाई वाईट नव्हत्या. वेगळ्या शाळाही वाईट नसतात, ज्या मुलाला तिची गरज आहे त्याला ती मिळायलाच हवी. पण धाकटीचं ठिकाण ते आहे का, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं, आणि एकदा तिकडे गेलेल्या मुलीला परत इकडे आणायला आमच्यासारख्या घरात कोण धावपळ करणार होतं? आई त्या रात्री जेवली नाही. आत्याला कळलं तेव्हा ती हळहळली आणि मग म्हणाली, "मोठी आमच्यावर गेली. ही बहुतेक तुझ्या माहेरावर." आईचं माहेर हरसूलकडचं. इतकी वर्षं शहरात राहून आई शुद्ध बोलायला शिकली होती, पण त्या दिवशी तिचं गाव जिभेवर आलं. "माझ्या माह्यारात काय सगळी यडी हायेत का? एवढी शाळा नाय शिकली, पण यडी नायेत." आत्या चहा अर्धा टाकून गेली. मला मनातून फार बरं वाटलं.

बाबा मात्र "बघून या," एवढंच म्हणाले आणि टोपी घालून ड्युटीवर गेले. सगळ्याला हो म्हणायची सवय त्यांना कारखाना बंद झाल्यापासून लागली होती, आणि मला तिचा भयंकर राग यायचा.

तपासणी कॉलेज रोडवरच्या एका दवाखान्यात होती. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होते, कॉलेज बुडवून आईबरोबर गेले. तपासणाऱ्या बाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. आम्हाला त्यांनी कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसवलं आणि मध्ये बोलायचं नाही अशी ताकीद दिली. आमच्या घराला ती नवीन नव्हती. धाकटी टेबलापाशी बसली. टेबलावर जाड काच होती.

आधी शब्दांचे अर्थ विचारले. बरेचसे तिला आले नाहीत. आले तेही ती इतक्या हळू बोलली की बाईंना पुढे वाकून "काय?" म्हणावं लागलं, आणि "काय?" म्हटलं की ती गप्प. मग ठोकळे आले. रंगीत लाकडी ठोकळे, कार्डावर दाखवल्यासारखी नक्षी जुळवायची, आणि वेळ लावलेला. ठोकळे पाहून तिचे डोळे चमकले. नक्षी तिला समजली होती, हे मला लगेच कळलं, कारण पहिला ठोकळा कुठे जाणार ते ती आधी डोळ्यांनी ठरवत होती. तिनं तो उचलला, काचेजवळ नेला, आणि तिथे थांबली. मग एक कड टेकवली, बोट खाली धरलं, आणि अलगद, अलगद बोट काढून घेतलं. काचेवर जरासाही आवाज झाला नाही. मग दुसरा ठोकळा. पुन्हा कड, पुन्हा बोट. निजलेल्या बाळाखालून हात काढावा तसं चाललं होतं सगळं. नक्षी अर्धी झाली होती तेव्हा बाईंनी घड्याळ थांबवलं आणि ठोकळे गोळा केले. पुढची नक्षी. पुन्हा तेच. एकही ठोकळा चुकीच्या जागी नव्हता आणि एकही नक्षी पूर्ण नव्हती.

आई माझ्या कानाशी येऊन अभिमानानं पुटपुटली, "बघ कशी हलक्या हातानं ठेवते."

त्या क्षणी मला ओरडावंसं वाटलं, अगं आपट ते ठोकळे! इथे कुणी झोपलेलं नाही! पण मी ओरडले नाही, कारण मध्ये बोलायचं नव्हतं.

तपासणी संपल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं. पत्र्याची खोली, रात्रपाळी, गोधडीवरचे चिमटे. माझा आवाज चढला होता, जणू त्यांनीच माझ्या बापाला रात्रपाळी लावली होती. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ठोकळ्यांचं त्यांना पटलं. "पण शब्दांचं काय?" त्यांनी विचारलं. "ते तिला खरंच येत नाहीत. मुलाला शब्द ऐकून आणि बोलून येतात. तिच्याशी दिवसभर बोलतं कोण?" निकाल कमीच आला, अगदी काठावर. हीच तपासणी लगेच पुन्हा करता येत नाही, वर्षभरानं या, तोवर तिला आहे त्या शाळेत ठेवावं असं मी लिहून देते, असं त्या म्हणाल्या. म्हणजे आमच्या हातात एक वर्ष होतं.

आम्ही घरी आलो तेव्हा बाबा नुकतेच उठून तोंड धूत होते. मी त्यांना एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी टॉवेल तसाच हातात धरून ठेवला. "ठोकळे बरोबर लावत होती?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. "आणि वेळ संपला, आवाज होऊ नये म्हणून?" मी पुन्हा हो म्हटलं. धाकटी आपल्याबद्दल काहीतरी चाललंय हे ओळखून भिंतीकडे तोंड करून बसली होती. बाबा बाहेर ओट्यावर जाऊन बसले. कारखान्यात इतकी वर्षं नापास माल बाजूला काढलेला माणूस, पण त्या दिवशी त्यांचा चेहरा माझ्यानं बघवला नाही.

दुसऱ्या दिवशी धाकटीची सकाळची शाळा सुटल्यावर ते जेवले, आडवे झाले आणि तिला म्हणाले, "पुस्तक घे. मोठ्यानं वाच." तिला वाटलं बाबा रागावलेत. ती कुजबुजत वाचायला लागली. "ऐकू येत नाही," बाबा म्हणाले. आवाज जरासा वाढला. बाबांचे डोळे मिटले की ती थांबायची, ती थांबली की बाबा डोळे उघडून "पुढे?" म्हणायचे. हे असं रोज सुरू झालं. पत्र्याखाली तो माणूस रात्रीचा जागलेला, डोळे लाल, आणि तरी मध्येच उठून बसायचा आणि तिला विचारायचा, ससा बिळातच का राहतो गं? ती म्हणायची, माहीत नाही. नळाला आधी हवा का येते? माहीत नाही. मी त्यांच्याशी भांडायचे तशी ती भांडत नव्हती. बाबांच्या प्रश्नावर उत्तर द्यायचं असतं, चुकलं तरी चालतं, हेच तिला ठाऊक नव्हतं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. बाबा ड्युटीवर खुर्चीत झोपलेले सापडले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्यांचा पाणउतारा केला आणि पुन्हा असं दिसलं तर गेटच्या बाहेर, असं सांगितलं. आई रडायला लागली. मी बाबांना म्हटलं, "तुम्ही झोपा. तिचं मी बघते, संध्याकाळी घेऊन बसेन." "तुझ्याशी मी किती बोललो असेन, याला काही सुमार आहे का?" ते म्हणाले. "हिला मी काय ऐकवलं? घोरणं."

त्यानंतर त्यांनी धाकटीला समोर बसवलं आणि एक शुद्ध थाप मारली. थापा मारण्यात तो माणूस जुना होता. म्हणाले, "मला एक रोग झालाय. तुझा आवाज बंद झाला की माझी झोप मोडते. मी झोपलो तरी तू वाचत राहायचं. थांबलीस तर मी जागा होणार, आणि मग माझी नोकरी जाणार."

धाकटीनं मान हलवली. बाबांच्या झोपेसाठी ती काहीही करायला तयार होती, जन्मभर तेच तर करत आली होती. ती वाचायला लागली आणि थांबली नाही. बाबा घोरायला लागले तरी थांबली नाही. पुस्तक संपलं की तेच पुन्हा पहिल्यापासून, ते संपलं की माझी जुनी पुस्तकं, पुड्यांचे कागद, औषधाच्या बाटलीवरची सूचना. शेजारीण दारातून डोकावली, "आज काय झालं गं हिला?" अर्ध्या गोष्टी धाकटीला समजत नव्हत्या. त्यामुळे बाबा उठले की ती विचारायची, आणि अशानं एका दुपारी तिनं आपणहून पहिला प्रश्न विचारला. "बाबा, वॉचमन रात्रभर काय बघतो?" बाबांनी तिला त्याचं इतकं लांबण लावून उत्तर दिलं की त्यांचा चहा गार झाला.

वर्षानं आम्ही पुन्हा कॉलेज रोडला गेलो. बाईंनी काचेवर जाड सतरंजी अंथरून ठेवली होती, आमची आठवण ठेवून. धाकटीनं ठोकळे वेळेत लावले. शब्द मात्र थोडेच वाढले होते. निकाल वर सरकला, शाळेत राहण्यापुरता. आई दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

चमत्कार झाला नाही. लोकांना अशा ठिकाणी चमत्कार आवडतो, गरिबाची मुलगी शेवटी पहिली आली असं ऐकायला आवडतं, म्हणजे आलेख विसरता येतो. आमची पहिली आली नाही. ती आता बारावीला आहे, आर्ट्सला, मार्क बेताचे असतात. बोलता बोलता शब्दासाठी अडते, आणि अडली की हात हवेत तसाच राहतो, कड टेकवायला जागा शोधत असल्यासारखा. आत्या अजूनही म्हणते, दोघींत जमीन-अस्मानाचा फरक. मला कुणी विचारतं, ती तुझ्याएवढी हुशार आहे का? मला माहीत नाही. आता ते कळायचा रस्ताच उरलेला नाही, आणि हे मला छळतं. पालकसभेतल्या त्या गृहस्थांना मला सांगायचं होतं की तुमची रेघ खरी आहे, मी ती घरात वाढताना पाहिली आहे. मला माझ्या बापाच्या पगारानं काही फार महागाचं दिलं नव्हतं. दुपारी घरी आलेला, जागा असलेला बाप दिला होता. तिच्या वाट्याला तोच बाप आला, पण झोपलेला.

परवाच्या रविवारी मी मुलाला घेऊन सातपूरला गेले. खोली तीच आहे, पत्रा तेवढा बदललाय. बाबा अजून रात्रपाळी करतात, मी कितीही सांगितलं तरी सोडत नाहीत. ते झोपले होते आणि धाकटी त्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं अर्थशास्त्राचा धडा वाचत होती. थाप कधीच खरी होऊन बसली आहे, आता तिचा आवाज नसला तर त्यांना खरंच झोप लागत नाही. माझ्या मुलाला ताट आणि चमचा सापडला. त्यानं ताट फरशीवर पालथं घातलं, बडवायला सुरुवात केली आणि वर तोंड करून आरोळ्या ठोकायला लागला. आई धावली. इतक्या वर्षांची सवय, तिनं त्याच्या तोंडावर हलकेच हात ठेवला आणि म्हणाली, "शूऽऽ, आजोबा झोपलेत."

धाकटीनं वाचन थांबवलं. तिनं पुस्तक खाली ठेवलं, फरशीवर, धप्पकन. आणि त्या खोलीत मी कधीच ऐकलं नव्हतं इतक्या मोठ्यानं ती म्हणाली, "हात काढ, आई. ओरडू दे त्याला."

आईनं हात काढला. मुलगा आमच्या तिघींकडे पाहत राहिला, जरा बिचकला, आणि मग त्यानं पुन्हा ताट बडवायला घेतलं. गोधडीतून डोळे न उघडता बाबा म्हणाले, "पुढे?"